विंडसरच्या फाट्यावरची मावशी

या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कुणी येऊन सांगितलं की अमुक अमुक झालं, तर माझा पहिला प्रश्न असतो — पुन्हा करून दाखव. पुन्हा होत नसेल तर तुझ्या बघण्यात चूक झाली असणार. देवासमोर दिवा लावते, पण नजर, बाधा, संकेत वगैरे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

म्हणून तर हे लिहायला इतके महिने गेले. म्हटलं, आधी नीट पडताळून पाहू, काहीतरी साधं कारण निघेल... निघालं नाही. आता जसं घडलं तसं लिहिते. यात भूत नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यासाठी वाचणार असाल तर निराश व्हाल.

मी मनीषा. माहेर परतवाड्याचं, अमरावतीजवळ. लग्न होऊन एकवीस वर्षं झाली, त्यातली सोळा अमेरिकेत, अल्फारेटात गेली. नवरा सुहास, मुलगी ईशा — सतरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. आणि या गोष्टीत ज्यांच्यामुळे सगळं घडलं ते माझे सासरे, अप्पा. वय अठ्ठ्याहत्तर. मूळ तासगावचे. ऐन तरुणपणी अमेरिकेत आले, भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर काम केलं, आता ओहायोतल्या डब्लिनमध्ये एकटे राहतात. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात अप्पांनी गाडी रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांची पत्रपेटी पाडली. महिन्याभरात दुसऱ्यांदा. सुहास विमानाने गेला आणि गाडीच्या किल्ल्या घेऊन परत आला. बापलेकात काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. पण त्यानंतर अप्पा त्याचा फोन घेईनात, माझाच घ्यायचे.

असाच एकदा त्यांचा फोन आला. "मनीषा, मी सप्टेंबरात कॅलिफोर्नियाला जातोय. सोनोमाला. द्राक्षांची काढणी बघायची आहे. ट्रेन आणि सायकल. गाडी नको."

"एकटे?"

"तुला यायचं असेल तर ये. सुहासला विचारत बसू नकोस."

त्यांना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घेतात. शरीरावर साखर मोजणारा सेन्सर लावून घ्या, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. "मी पेशंट नाही, डॉक्टर आहे" — संपलं. अशा माणसाला एकटं कसं सोडणार? मी सुट्टी टाकली. ईशाची शाळा आठवडाभर बुडवली. सुहास म्हणाला, "तू त्यांचे लाड करतेयस." असेल.

अप्पांनी सगळा प्लॅन कागदावर हाताने लिहून आणला होता. सॅन फ्रान्सिस्कोहून फेरीने लार्क्सपर, तिथून चालत स्टेशन, मग ट्रेनने सव्वा तासात सँटा रोझा. स्टेशनजवळच हॉटेल. ट्रेनमध्ये सायकली ठेवायला जागा असते, पट्ट्याने बांधून टाकायच्या. सँटा रोझाला आम्ही तीन सायकली भाड्याने घेतल्या — अप्पांना बॅटरीवाली, आम्हा दोघींना साध्या. "बॅटरी माझ्या वयाला, तुमच्या आळसाला नाही," हे त्यांचं वाक्य.

पहिल्या दिवशी जुन्या रेल्वेमार्गावर बांधलेल्या सायकलवाटेने सेबॅस्टोपोलपर्यंत गेलो आणि परत आलो. सपाट वाट, मध्येच सफरचंदाची झाडं, मध्येच द्राक्षं. अप्पा झकास चालवत होते. दुसऱ्या दिवशी मात्र मी हट्टाने गाडी भाड्याने घेतली, कारण ड्राय क्रीक भागातले मळे एकमेकांपासून लांब आहेत आणि चढ आहेत. अप्पा मागच्या सीटवर गाल फुगवून बसले. दहा मिनिटांनी तेच सांगायला लागले — इथे डावीकडे घे, तिथे थांब.

वाईन त्यांनी जेमतेम चाखली. त्यांचं लक्ष वेलींकडे. खोडावरून हात फिरवून म्हणायचे, "आमच्याकडे मांडव असतो, इथे तारेवर चढवतात. पण छाटणी करणारा हात कळतो बघ. किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवल्यात, मोज." ईशा मोजायची. तिला आजोबांकडून अशी माहिती कधी मिळालीच नव्हती. फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे शाळा कशी आहे, जेवलीस का, एवढंच. त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं आलो ते.

तिसरा दिवस. सकाळी पावणेआठला अप्पांनी इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता केला. नऊच्या सुमारास सायकलींसकट ट्रेन पकडली आणि उत्तरेला विंडसरला उतरलो, ते शेवटचं स्टेशन. तिथून ईस्टसाइड रोडने नदीच्या कडेकडेने हील्ड्सबर्गला जायचं, जेवायचं, परत यायचं. अप्पांच्या कागदावर हा दिवस लाल शाईने लिहिलेला होता.

गावाबाहेर पडलो की दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी. काढणी पहाटे अंधारातच सुरू करतात, कपाळावर दिवे लावून. आम्ही पोचलो तोवर बहुतेक ठिकाणी आटोपली होती. साडेनऊलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. अप्पांनी जॅकेट काढून माझ्या सायकलच्या पिशवीत टाकलं. त्यांचा फोन त्या जॅकेटच्या खिशात होता, आणि त्यांचा खाऊही माझ्याच पिशवीत. हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

ईशाच्या सायकलची चेन पडली. मी खाली बसून चेन चढवायला लागले. अप्पा म्हणाले, "मी हळूहळू पुढे होतो. त्या वळणावर थांबतो." हेल्मेटखाली त्यांची ती निळी कापडी टोपी होती, कडा बाहेर आलेल्या. ती दिसत राहिली, मग वळणावर दिसेनाशी झाली.

चेन चढायला दहा-बारा मिनिटं लागली. वळणावर पोचलो तर अप्पा नाहीत. पुढच्या वळणावरही नाहीत. मी ईशाला म्हटलं, बॅटरी आहे ना, गेले असतील पुढे. अजून एक मैल गेलो. नाहीत. समोरून दोन सायकलस्वार आले, त्यांना विचारलं. निळ्या टोपीचे आजोबा? नाही, कुणीच भेटलं नाही आम्हाला, सरळ हील्ड्सबर्गहून येतोय.

म्हणजे ते या रस्त्यावर पुढे गेलेलेच नाहीत. इन्सुलिन घेऊन अडीच तास होत आले, वर व्यायाम, वर हे ऊन... आणि गोळ्या-बिस्किटं माझ्याकडे. घाबरायला वेळ नव्हता. मी ईशाला सांगितलं, "रडायचं नाही. परत फिरायचं आणि प्रत्येक फाटा बघायचा. एकही सोडायचा नाही."

नाईन-वन-वनला फोन लावला. रेंज एक काडी. माणूस पाठवतो म्हणाले, नेमकं कुठे आहात? मी मैलाचा अंदाज सांगितला आणि फोन चालूच ठेवून सायकल मारत राहिले. मध्येच कट झाला.

पहिला फाटा — कुणाच्या तरी घराचं फाटक, बंद. दुसरा — थोडं आत गेलो, पंप हाऊस, पुढे वाट नाही. तिसरा फाटा जरा फसवा होता. डांबरी रस्ता उजवीकडे वळतो आणि त्याच जागी डावीकडे एक खडीची वाट मळ्यात शिरते. शिवाय त्या वाटेलाही दोन तोंडं. एक ओळींच्या मधून टेकडीकडे, दुसरं पाण्याच्या चराच्या कडेने खाली नदीकडे.

तिथे ओकच्या झाडाखाली एक बाई बसली होती. काढणीवाली. साठीच्या पुढची, बुटकी, डोक्याला रुमाल, त्यावर गवती हॅट, बाह्या मनगटापर्यंत. शेजारी पालथी बादली, त्यावर तिचा डबा. बाकीचे लोक दिसत नव्हते.

मी सायकल टाकून तिच्याकडे धावले. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं — "मावशी, माझे वडील हरवलेत. सायकलवर होते, निळी टोपी आहे. तुम्ही बघितलं का हो?"

तिने हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, "गेला ना माय इकडून. निळी टोपीच होती. त्या पाटाच्या काठाकाठानं गेला खाली. लवकर जाय, झोकांड्या खाऊ राह्यला होता तो."

आणि हाताने चराची वाट दाखवली.

ईशाला मी फाट्यावरच थांबवलं, "ॲम्ब्युलन्स आली की इकडे वळव" म्हणून, आणि एकटी त्या खडीवरून सायकल दामटली. मी तर टेकडीच्या वाटेने जाणार होते, कारण तिथे सायकलच्या चाकाचा माग दिसल्यासारखं वाटत होतं. ती बाई नसती तर मी वर गेले असते, हे नक्की.

साधारण अर्धा मैल खाली सायकल आडवी पडलेली. अप्पा ओळीच्या शेवटच्या खांबाला टेकून बसलेले. शर्ट घामाने चिंब, चेहरा पांढरा. मला बघून म्हणाले, "सिस्टर, पुढची केस घ्या." मी खाली बसले. ग्लुकोजची जेल होती, ती त्यांच्या गालाच्या आत बोटाने लावली. गिळता येतंय असं दिसल्यावर ज्यूसचा डबा घोट घोट पाजला. त्यांच्याशी बोलत राहिले — तासगाव, मांडव, डोळे, छाटणी, जे तोंडात येईल ते. वीसेक मिनिटांनी ॲम्ब्युलन्स त्याच खडीवरून आली, पुढे ईशा सायकलवर. तोवर अप्पांना माझं नाव आठवलं होतं आणि ते माझ्यावर चिडले होते, म्हणजे सुधारत होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण म्हणाली, उन्हात अजून अर्धा तास असे राहिले असते तर आपण वेगळ्या गोष्टी बोलत असतो. एक रात्र ठेवून घेतलं.

दुपारी आम्ही दोघी त्यांच्या खाटेजवळ बसलो होतो. अप्पा झोपले होते. ईशाने सुहासला फोन लावला, स्पीकरवर, हळू आवाजात सगळं सांगत होती. सांगता सांगता ती त्या बाईपर्यंत आली. "अँड देन धिस लेडी वॉज लाइक, ही वेंट डाउन बाय द डिच, हरी अप, ही वॉज वॉबलिंग..."

मी सहज म्हटलं, "हो ना, 'झोकांड्या खाऊ राह्यला होता' म्हणाली."

ईशा माझ्याकडे बघायला लागली. "व्हॉट?"

आणि त्या क्षणी, खरं सांगते, तेव्हाच पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले.

कॅलिफोर्नियातल्या द्राक्षाच्या मळ्यात एक मेक्सिकन बाई माझ्याशी वऱ्हाडी बोलली होती. नुसती मराठी नाही, परतवाड्याची. माझी आई बोलते तशी. आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. आपल्याशी कुणी आपल्या भाषेत बोललं तर भाषा ऐकू येत नाही, म्हणणं ऐकू येतं — तसं झालं असावं.

"मॉम, शी स्पोक इंग्लिश," ईशा म्हणाली. "नो ॲक्सेंट, नथिंग. यू स्पोक इंग्लिश टू. यू सेड, एक्सक्यूज मी मॅम, माय फादर-इन-लॉ इज मिसिंग."

"मी मराठीत विचारलं, ईशा. मी 'मावशी' म्हटलं तिला."

"नो, यू डिडन्ट."

सुहास फोनवरून म्हणाला, "दोघी दमला आहात. झोपा जरा."

ईशाने शाळेत चार वर्षं स्पॅनिश घेतलंय. तिला मी तीनदा विचारलं, बाई स्पॅनिश बोलत असेल आणि तू मनात भाषांतर केलं असशील, असं असेल का? ती ठाम. तिने त्या बाईला मनात 'कदाचित इथलीच टीचर असेल, काढणी बघायला आलेली' असं धरलं होतं, इतकं तिचं इंग्लिश साफ होतं. मीही ठाम. आणि माझ्या स्मरणात एक गोष्ट टोचत होती. ईशाने ऐकलं 'सासरे'. मी म्हटलं होतं 'माझे वडील'. एकवीस वर्षांत मी अप्पांना कधी वडील म्हटलेलं नाही. असा शब्द मी नंतर मनाने रचला असेल, हे शक्य नाही.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "ताणाखाली मेंदू काय वाटेल ते करतो. भूल उतरताना माणसं मला आई म्हणालेली आहेत." मग डोळे उघडून म्हणाले, "पण साखर माझी उतरली होती. तुमच्या दोघींची नाही."

मी ठरवलं, त्या बाईला शोधायचं. आभार तर मानायचेच होते. पण खरं कारण तुम्हाला कळलंच असेल — पुन्हा करून दाखव.

दुसऱ्या दिवशी अप्पांना हॉटेलवर आणलं, ईशाला त्यांच्याजवळ बसवलं आणि मी एकटी सायकल घेऊन ट्रेनने विंडसरला गेले. त्याच वेळेला, त्याच रस्त्याने. फाटा सापडला. ओकचं झाड होतं, खाली गवत दबलेलं होतं. आसपासच्या ओळींत एक घड शिल्लक नव्हता. काढणी संपली म्हणजे त्या मळ्यात कुणी कशाला येईल? मी तासभर बसले. एक पिकअप ट्रक आला, त्यातल्या माणसाने सांगितलं की हा मळा कुणाचा आणि त्यांचा मुकादम कुठे भेटेल. ती जागा सायकलने जाण्यासारखी नव्हती.

परत ट्रेनने सँटा रोझा. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा गाडी भाड्याने. अप्पा म्हणाले, "मी येतो." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "माझा जीव वाचवलाय तिने, तुझा नाही." पण चालताना अजून पाय लटपटत होते. मग स्वतःच म्हणाले, "ईशाला तरी ने. दोन टेस्टर बरे." तिला नेलं असतं तर आज वाद मिटला असता, पण त्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती.

मुकादम भला माणूस होता. रामिरो नाव. मी बाईचं वर्णन केलं, गवती हॅट, एकटी बसली होती. तो म्हणाला, "एर्मिला असणार. तिला गुडघ्याचा त्रास आहे, ती ट्रकपर्यंत चालत जात नाही, सून येऊन नेते." आज ती टोळी ड्राय क्रीकच्या वरच्या अंगाला आहे, दहापर्यंत सुटतील. त्याने कागदावर रस्ता काढून दिला.

मी पोचले तेव्हा सुटी झाली होती. बायका नळाशी चाकू धूत होत्या. मी तिला लांबूनच ओळखलं. आणि तिने मला. ती चाकू तसाच ठेवून आली, ओल्या हाताने माझं मनगट धरलं आणि भराभरा बोलायला लागली.

मला एक शब्द कळला नाही.

मराठी नाही, इंग्लिश नाही, आणि मला वाटतं स्पॅनिशही नाही, कारण स्पॅनिश निदान कानाला ओळखू तरी येतं. तिचे स्वर वर-खाली जात होते, काही शब्द नाकातून येत होते. मी म्हटलं, "मावशी, मी परवा आले होते. ओळखलंत ना?" मुद्दाम मराठीत. ती थबकली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुन्हा काहीतरी म्हणाली, या वेळी हळू, लहान मुलाला सांगावं तसं. काही नाही. मी परत बोलले, आईच्या बोलीत — "तुमी सांगतलं ना मले, पाटाच्या काठानं गेला म्हून?" तिने मान हलवली. नाही कळत.

तिची सून आली, लुसिया. तिशीची, इंग्लिश छान बोलणारी. मी माझी ओळख करून दिली, अप्पा बरे आहेत ते सांगितलं. लुसियाने ते सासूला सांगितलं. बाईने छातीवर हात ठेवला.

मग मी विचारलं, "तुमच्या सासूबाईंना इंग्लिश येतं का?"

"छे," लुसिया म्हणाली. "स्पॅनिशसुद्धा बाजारापुरतं. त्या मिश्तेको बोलतात. मेक्सिकोत, वाहाकातल्या आमच्या डोंगरातली भाषा. तीही त्यांच्या गावची वेगळी. मी शेजारच्या गावची, मलाही काही शब्द अडतात."

कसं विचारावं ते कळेना. तेवढ्यात लुसियाच म्हणाली, "एक विचारू? दोन दिवस त्यांनी आमचं डोकं खाल्लंय. त्या म्हणतात, तुम्ही त्यांच्याशी त्यांच्या गावच्या भाषेत बोललात."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

"त्या म्हणतात, एक परदेशी बाई सायकल टाकून धावत आली आणि अगदी त्यांच्या आईसारखं बोलली. आम्ही म्हटलं, उन्हाने झालं असेल. त्या रागावल्या. कुठे शिकलात, कोणत्या गावात राहिलात, हे त्यांना विचारायचं होतं. पण तुम्ही निघून गेलात."

"मी काय म्हणाले, त्यांना आठवतं का?" मी म्हटलं.

लुसियाने विचारलं. बाईने एकदाही न अडखळता सांगितलं. लुसियाने भाषांतर केलं — "मावशी, माझे वडील हरवलेत. सायकलवर होते, निळी टोपी आहे. तुम्ही बघितलं का?"

'आंटी' म्हणाली ती, 'माय फादर' म्हणाली. मी तिला तोवर फक्त 'माझे सासरे बरे आहेत' एवढंच सांगितलं होतं.

आम्ही तिघी तिथे नळाजवळ उभ्या होतो. मी लुसियाला माझी बाजू सांगितली. ती ऐकत गेली आणि सांगत गेली, आणि शेवटी शेवटी तिचा आवाज बारीक झाला. एर्मिलाबाई मात्र घाबरल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली, जणू हिशेब बरोबर लागला. मग लुसियामार्फत विचारलं, वडिलांनी नंतर काय खाल्लं, आता चालतात का, त्यांना पुन्हा एकटं सोडणार का. मी एकेकाचं उत्तर दिलं.

आम्ही पुन्हा करूनही बघितलं. दोघींनीही, किती तरी वेळ. ती बोलली, मी बोलले. डोळे मिटून. हात धरून. बाकीच्या बायका हसायला लागल्या. काही झालं नाही.

अप्पांनी यावर नंतर दोन दिवस विचार केला. विमानतळाकडे जाताना, लार्क्सपरच्या ट्रेनमध्ये, म्हणाले, "तुझं एकटीचं असतं तर मी तुला गोळी लिहून दिली असती. तुझं आणि ईशाचं असतं तरी काहीतरी सुचलं असतं. पण त्या बाईचं काय करू?" मग त्यांनी बाही वर करून दाखवलं. हॉस्पिटलने दंडावर लावून दिलेला सेन्सर तसाच होता. "हा राहू दे," म्हणाले. पुढचा उन्हाळा पुन्हा इथे, हेही त्यांनी तेव्हाच जाहीर केलं. त्या वेळी सुहासला पण आणायचं, आणि हे त्याला फोनवर ते स्वतः सांगणार. त्यांनी सांगितलं.

मी भाषेवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन माणसं घाईत हातवारे आणि चेहऱ्यावरून पुष्कळ समजून घेतात आणि नंतर आठवण त्याला शब्द देते. पटण्यासारखं आहे. पण हातवाऱ्याने 'वडील' आणि 'निळी टोपी' कसं सांगतात? आणि ईशा तर चार पावलांवर उभी होती. तिने दोघींचं इंग्लिश ऐकलं, आणि ती आजही तेच सांगते.

तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. मी हट्टाने सगळं करून थकलेय.

एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी निघाले तेव्हा लुसियाला कुणीतरी हाक मारली आणि ती ट्रककडे गेली. एर्मिलाबाई माझ्या गाडीच्या खिडकीशी आल्या. काचेवर हात ठेवून बरंच काही बोलल्या, शांतपणे, मध्ये एकदा हसल्या. लुसिया परत आल्यावर मी म्हटलं, काय म्हणाल्या विचार ना. तिने विचारलं. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. सांगायचं ते सांगून झालंय, असं काहीतरी.

मग मीही बोलले. परतवाड्याच्या बोलीत, मला जे म्हणायचं होतं ते सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.